सातबाऱ्यावरचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शेतकऱ्यांसाठी सरकारने काय करावे, यावर मला बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवी शिकलेली बाई मी. धोरण वगैरे मला काय कळणार? पण एक कागद मला चांगला कळतो, कारण तो न वाचता मी एकदा सही केली आहे.

माझे माहेर चाकणजवळचे, कांद्याचे. 2006 साली वडील गेले आणि सातबाऱ्यावर भावाबरोबर आम्हां दोघी बहिणींची नावे लागली. पुढे कारखान्यांसाठी जमिनी घेण्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, जरा खेडला येऊन जा." तेथे हक्कसोडपत्रावर आम्ही सह्या केल्या. जेवण झाले, साडीही चांगली होती. मोबदला आला त्यात आमचे नाव कोठून असणार? भावाला मी दोष देत नाही. बहिणीने मागायचे नसते, हे मीही आईकडूनच शिकले होते. महाराष्ट्राने 1994 साली आणि साऱ्या देशाने 2005 साली मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिला, हे मला फार उशिरा कळले.

सासरी मात्र उलटे घडले. चाकणजवळ आंबेठाणला शरद जोशी राहत. परदेशातली नोकरी सोडून त्यांनी तेथे कोरडवाहू शेती घेतली आणि कांद्याच्या भावासाठी चाकणला आंदोलन उभे केले. 1986 साली चांदवडला शेतकरी बायकांचे अधिवेशन भरले, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. नवऱ्याने थोडी जमीन बायकोच्या नावे करावी. दान म्हणून नव्हे, जुने देणे फेडावे तशी. माझ्या सासऱ्यांनी एक एकर केली. सासूबाई हसल्या होत्या म्हणे, "कागद काय खायचा?"

पुढे तोच एकर संपादनात आला. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसा घरी, आम्ही पाहतो." सासूबाईंनी विचारले, "नोटीस कुणाच्या नावाची?" पैसे त्यांच्याच खात्यात पडले. त्यातून माझी नणंद नर्सिंग शिकली, उरलेल्या शेतात बोअर झाली आणि सासूबाईंना सून चहा विचारून देऊ लागली, हेही खरेच सांगते.

1992 साली सरकारनेही लक्ष्मीमुक्तीचे परिपत्रक काढले. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर लागते. निंदणी, काढणी आम्ही करतो. पण वर्षाचे 6000 रुपये शेतकरी सन्मानाचे येतात ते जमीन ज्याच्या नावे त्याला. म्हणून माझे मागणे लहान आहे. ते परिपत्रक तलाठ्याने गावात वाचून दाखवावे, आणि हक्कसोडाची सही घेण्याआधी बाईला तिचा हिस्सा किती, हे मोठ्याने सांगावे.

सासूबाईंचा जुना सातबारा मी बरोबर आणला आहे. चहा होईपर्यंत तो टेबलावर ठेवते. हात पुसून पाहा मात्र.