आईचा बिल्ला कुठे ठेवायचा?

(लालबागमध्ये महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आजच्या यादीत रेशन आहे, चाळींचा पुनर्विकास आहे, घरातली मारहाण आहे. त्यात हे म्युझियम कुठून आलं, असं मघाशी एकीने विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

दिल्लीत नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या सरकारी इमारतींत ‘युगे युगीन भारत’ नावाचं नवं राष्ट्रीय संग्रहालय करायचं २०२३ मध्ये जाहीर झालं. हजारो वर्षांची संस्कृती तिथे मांडायची आहे. आणि इथे, आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल नंबर दोन-तीनच्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं महापालिकेने मनावर घेतलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दोन्हीकडे प्रश्न एकच: देशाचा वारसा कशाला म्हणायचं आणि तो कोणी घडवला? हे ठरताना आपण गप्प राहिलो, तर आपल्या नातींना तिथे यंत्रं दिसतील, मालकांचे फोटो दिसतील, पुढारी दिसतील. आजी दिसणार नाही.

म्युझियममध्ये वस्तू येते कुठून? फोर्टमधलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांसाठी १९२२ मध्ये उघडलं. तिथे सेठ पुरुषोत्तम मावजी, सर रतन टाटा, सर दोराब टाटा यांचे संग्रह आहेत. सुंदर आहेत, मुलांना घेऊन जरूर जा. पण वस्तू जपायला कपाट लागतं, खोली लागते. आपल्या आयांकडे होती एक पत्र्याची ट्रंक, तीसुद्धा खाटेखाली. राणीबागेजवळचं भाऊ दाजी लाड म्युझियम त्याहून जुनं, १८७२ चं. तिथे निरनिराळ्या जातीजमातींच्या, धंद्यांच्या मातीच्या छोट्या मूर्ती मांडल्या आहेत. कष्टकरी माणूस म्युझियमपर्यंत पोचला खरा, पण बाहुली होऊन.

माझी आई रीळ खात्यात होती. तिचा पितळी बिल्ला मी लहानपणी दोरीत ओवून गळ्यात घालायची. चाळ पाडायची वेळ आली तेव्हा सामान आवरताना तो भंगारात गेला. कोणी मुद्दाम टाकला नाही. तो ठेवण्यासारखा आहे असं आमच्यापैकी कोणाला वाटलंच नाही, मलाही नाही. आणि तेव्हा मी संघटनेत काम करत होते!

आता इतिहासात बघा. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. दहा हजार कामगार होते असं सांगतात. त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. पुढे रविवारची सुट्टी मिळाली, ती आपण आजही घेतो. लोखंड्यांचं नाव राहिलं, राहायलाच हवं. त्या दोघींचा उल्लेख मात्र मी जिथे जिथे वाचला तिथे ‘दोन स्त्रिया’ एवढाच.

आणि बायका काही हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या नव्हत्या. १९२०च्या सुमाराला मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बहुतेक रीळ खात्यात नाहीतर वाइंडिंगमध्ये, उक्त्या कामावर, वर नायकीण. मग त्या गेल्या कुठे? रात्रपाळीला बायकांना बंदी होती. १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. कायदे आपल्या भल्याचेच, पण मालकांनी हिशोब केला, की बाई महाग पडते आणि रात्री उपयोगाची नाही. जोडीला नवी यंत्रं आली. एकेक बाई कमी होत गेली. कायदा संरक्षण देतो आणि त्याच दाराने बाहेरही काढतो, हे आजच्या कामगार बायकांनाही माहीत आहे. म्युझियमच्या भिंतीवर मला हे लिहिलेलं हवं आहे. नुसता चरका आणि साचा मांडून हे कळणार नाही.

गिरणीबाहेरचं तर बोलायलाच नको. एकट्या आलेल्या पुरुषांना जेवू घातलं खाणावळवाल्या बायकांनी. त्यांच्या भाकरीवर गिरणी चालली, पण त्या कुठल्याच हजेरीपटावर नव्हत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्यांना सावकाराऐवजी बँकेकडे जाता आलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तेव्हा कोणी पापड लाटले, कोणी भाजी विकली, कोणी दुसऱ्यांची भांडी घासली. ते पोळपाट-लाटणं साच्याशेजारी ठेवा, म्हणजे संप नीट समजेल.

कोणी म्हणेल, कागदपत्रं कुठे आहेत? आहेत की. उषाताई डांगे यांनी ‘पण ऐकतं कोण?’ हे आत्मकथन लिहून ठेवलं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांचे आवाज गोळा करून २००४ मध्ये पुस्तक केलं. पण ज्यांच्याकडे कोणी टेप घेऊन गेलंच नाही, अशा म्हाताऱ्या अजून प्रत्येक चाळीत आहेत, आणि दरवर्षी कमी होताहेत.

महापालिकेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा तयार आहे. मागण्या तीनच. संग्रहालयाच्या समितीत गिरणीत काम केलेल्या बायका असाव्यात, वस्तूखाली ती वापरणाऱ्या बाईचं नाव असावं आणि गिरणगावच्या बायकांना तिकीट नसावं. तिसरीवर वाद झाला, होऊ दे, मी ती काढणार नाही.

पण निवेदनाबरोबर यादी हवी. पगाराची चिठ्ठी, बिल्ला, खाणावळीचं पातेलं, मोर्च्यातला फोटो, जे असेल ते. वस्तू आत्ता देऊ नका, घरीच ठेवा. फक्त कोणाची, कुठल्या खात्यातली, कधीची, एवढं लिहून द्या. वही मी आणली आहे. चहा होईपर्यंत दाराशी बसते.