दोराचा ओला भाग



जळगावच्या मेहरूणमध्ये शेतीवर बोलायचं तर बोरापासून सुरुवात करावी लागते. इथल्या बोराला गावाचंच नाव आहे. महाराष्ट्रातल्या बोराच्या जाती मोजताना उमराण, कडाका यांच्या पंगतीत ‘मेहरूण’ बसतं. ज्या बागांतून ती बोरं यायची, त्यातल्या कितीतरी जागी आज प्लॉट पडलेत. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. गुंठ्याचा भाव ऐकल्यावर दोन-तीन एकरवाला माणूस किती दिवस काटे सोसील?

मला बोलायचंय ते शेतीत टिकून राहिलेल्यांशी. लावणीआधी आपण वहीत रोपं, खत, ठिबक, मजुरी लिहितो. पाणी लिहीत नाही. केळीचंच घ्या. पाच बाय पाच फुटांवर एकरात १,७४२ खोडं बसतात. मे महिन्यात खोडाला रोज २० लिटर धरा. झाले जवळजवळ ३५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी साडेतीन टँकर. रोज, एका एकराला, तेही ठिबकवर. ठिबकनं पाणी वाचतं, खरंय. पण वाचलं की आपण आणखी एक एकर केळी वाढवतो आणि बोअर आणखी खाली नेतो. यावल-रावेरकडं पाणी खोल गेलं, त्यात आपलाही हात आहे.

२०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमान मलाही आहे. पण वादळ मानांकन बघून येत नाही. एका वर्षी मी तिन्ही एकरांत मृगबाग धरली. जागा अपुरी वाटली म्हणून बांधावरच्या बोरीही तोडल्या. निसवण छान झाली, घड भरले, कटाई आठवड्यावर आली आणि जूनच्या पहिल्या वाऱ्यात बाग आडवी झाली. घडाच्या भारानं खोडं कमरेतून मोडली होती. व्यापारी आला, पायानं एक घड उलटवला आणि काही न बोलता गाडीत बसला. विमा होता. नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची असते, हे मला पाचव्या दिवशी कळलं. चूक माझीच.

त्या तोडलेल्या बोरी मग फार आठवल्या. बोरीची छाटणी उन्हाळ्यात, आपली विहीर तळाला गेलेली असते तेव्हा. पावसावर तिला नवी फूट येते, त्याच फुटीवर फळ धरतं आणि थंडीत तोडणी होते. ऐन वैशाखात ती आपल्याकडं काही मागत नाही. भुरी येते, फळमाशी येते, तोडणीला मजूर नाक मुरडतात आणि पैसा केळीएवढा नाही, हेही सांगतो. नाहीतर तुम्ही उद्या सगळीकडं बोरीच लावाल.

आता माझ्याकडं दीड एकर केळी आहे, एका एकरात ज्वारी आणि हरभरा, उरलेल्या अर्ध्यात बोरी. दरवर्षी अक्षय्यतृतीया झाली की विहिरीत दगड बांधलेला दोर सोडतो आणि ओला भाग हातानं मोजतो. नऊ हात भरला तर केळीची पिलबाग ठेवायची, असं घरात ठरलंय. यंदा सात भरला. मुलगा म्हणतो, आबा, ठेवू. त्याची आई नको म्हणते. परवापासून घरात तोच विषय चाललाय.