स्मृती, नोंद आणि विश्वकोश



विश्वकोश विद्वानांनी लिहावा, मुद्रकाने छापावा आणि वाचकाने विश्वासाने उघडावा, अशी आपल्याकडील रूढ कल्पना आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड याच रीतीने सिद्ध झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्यही याच रीतीने उभे राहिले. छापील कोशात राहून गेलेली चूक पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहते. परंतु तिचे उत्तरदायित्व घेणारे संपादक मंडळ वाचकाला ठाऊक असते. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने ही रीत उलटी केली. येथे लिहिणारा स्वयंसेवक असतो, बहुधा टोपणनावाने वावरतो, आणि बहुतेक लेखांत कोणीही वाचक दुरुस्ती करू शकतो. मग अशा कोशावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावयाचा? या प्रश्नाचे उत्तर सिद्धान्तापेक्षा उदाहरणातून अधिक स्पष्ट होते.

४ जून १९४० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी कॉमन्स सभागृहात केलेले भाषण सर्वश्रुत आहे. समुद्रकिनाऱ्यांवर, शेतांत, रस्त्यांत आणि टेकड्यांवर लढत राहू, शरण जाणार नाही, असा निर्धार त्यांनी त्या दिवशी प्रकट केला. त्याच दिवशी डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैन्य माघारी आणण्याचे कार्य समाप्त झाले होते. या भाषणावरील कोशलेख तपासावयास बसणाऱ्या स्वयंसेवकापुढे प्रथमदर्शनी सोपे, पण वस्तुतः कठीण असे काही प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न आकड्यांचा. चर्चिल यांनी सभागृहात सुटका झालेल्या सैनिकांची संख्या ३,३५,००० हून अधिक सांगितली. पुढे रूढ झालेला अधिकृत आकडा ३,३८,२२६ असा आहे. दक्ष संपादक यांपैकी एक आकडा खोडून दुसरा लिहीत नाही. वक्त्याने काय सांगितले आणि नंतरच्या गणनेत काय ठरले, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि लेखात त्या स्वतंत्रच राहावयास हव्यात. वक्त्याचा आकडा ‘सुधारणे’ म्हणजे भाषणच बदलणे होय.

दुसरा प्रश्न आवाजाचा. आज सर्वत्र ऐकू येते ते ध्वनिमुद्रण १९४० सालचे नाही. त्या काळी कॉमन्स सभागृहातील भाषणे ध्वनिमुद्रित होत नसत. तेथील कामकाजाचे नियमित ध्वनिप्रक्षेपण १९७८ साली सुरू झाले. त्या दिवशी सायंकाळी बीबीसीच्या वृत्तनिवेदकाने भाषणातील काही उतारे वाचून दाखविले, इतकेच. चर्चिल यांनी स्वतःच्या आवाजात हे भाषण ध्वनिमुद्रित केले ते १९४९ साली, म्हणजे युद्ध संपल्यानंतर. यासंबंधी आणखी एक आख्यायिका प्रचलित आहे. नॉर्मन शेली या नटाने चर्चिल यांच्या आवाजाची नक्कल करून ते भाषण त्या रात्री नभोवाणीवर वाचले, अशी ती कथा. शेली यांनी चर्चिल यांचे भाषण मुद्रित केल्याचे दर्शविणारी १९४२ सालची तबकडी पुढे उजेडात आली, हे खरे. तथापि तबकडी असणे वेगळे आणि ४ जूनच्या रात्री प्रक्षेपण होणे वेगळे. अशा प्रक्षेपणाचा पुरावा मिळालेला नाही. आख्यायिका लेखात नमूद करावी, पण आख्यायिका म्हणूनच.

खरी कसोटी लागते ती तिसऱ्या प्रश्नात. ‘ते भाषण त्या रात्री चर्चिल यांच्याच तोंडून ऐकले,’ असे प्रामाणिकपणे सांगणारी अनेक माणसे युद्धानंतर होऊन गेली. ती खोटे बोलत होती असे नव्हे. चर्चिल यांनी १८ जूनचे भाषण त्याच सायंकाळी नभोवाणीवरून पुन्हा केले होते. त्या आवाजाची आठवण, नंतर ऐकलेली ध्वनिमुद्रिका आणि त्या भयंकर उन्हाळ्यातील भावना यांचे स्मृतीत मिश्रण होणे स्वाभाविकच आहे. अशा वेळी स्वयंसेवकाने काय करावे? समजा, तो स्वतःच्या आजोबांची आठवण प्रमाण मानून लेखात वाक्य घालतो. दुसरा संपादक ते वाक्य काढून टाकतो. पहिल्याला तो आपल्या घराण्याचा अवमान वाटतो. येथे विकिपीडियाचे दोन नियम निर्णायक ठरतात : प्रत्येक विधान प्रसिद्ध व विश्वसनीय आधारावर पडताळता आले पाहिजे, आणि संपादकाने स्वतःचे नवे संशोधन लेखात आणू नये. नियम आजोबांना खोटे ठरवीत नाही. तो नातवाला एवढेच सांगतो, की कोश ही साक्ष नोंदविण्याची जागा नव्हे.

स्मृतीला अन्यत्र स्थान आहे. रिचर्ड टॉय या इतिहासकाराने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चर्चिल यांच्या युद्धकालीन भाषणांचे लोकांनी त्या वेळी कसे स्वागत केले, याचा समकालीन नोंदींवरून शोध घेतला आहे. त्यात दिसणारे चित्र केवळ एकमुखी जयजयकाराचे नाही. असा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर कोशलेखाला आधार मिळतो. क्रम असा आहे : आधी साक्ष, मग संशोधन, मग कोश.

या पद्धतीत दोष नाहीत असे मानण्याचे कारण नाही. २००५ साली जॉन सीगेनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखात केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला होता. याहून सूक्ष्म धोका चक्राकार आधाराचा. कोशातील चूक एखादा लेखक आपल्या पुस्तकात उतरवितो, आणि पुढे तेच पुस्तक त्या चुकीचा आधार म्हणून कोशात दाखविले जाते. चूक अशा रीतीने प्रतिष्ठित होते. म्हणून चांगला परीक्षक आधार आहे एवढ्यावर संतुष्ट होत नाही. त्या आधाराचा आधार कोणता, तो लेखाच्या आधीचा की नंतरचा, हे तो पाहतो.

या व्यवस्थेचे बळ तिच्या निर्दोषतेत नाही, तिच्या उघडेपणात आहे. लेखाचा प्रत्येक पूर्वीचा पाठ जतन केलेला असतो. कोणते वाक्य केव्हा आले, केव्हा गेले, त्यावर काय वाद झाला, हे कोणालाही पाहता येते. छापील कोशातील संपादकांचे मतभेद कार्यालयाच्या कपाटात राहत. येथे ते वाचकासमोर असतात. परंतु उघडे दार उपयोगी पडते ते कोणी आत डोकावले तरच. वाचकाने वाक्याखालील आधार उघडून पाहिला नाही, तर हजार स्वयंसेवकांचे श्रमही त्याला चुकीपासून वाचवू शकणार नाहीत. ग्रंथालयात बसून एक संदर्भ मूळ ग्रंथाशी ताडून पाहणारा वाचक हा या विश्वकोशाचा शेवटचा, आणि कदाचित सर्वांत आवश्यक, संपादक आहे.