गणवेश आणि आपले मत
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आम्हांस आता बरीच वर्षे झाली. तरीही ज्ञातीतील एखादा तरुण भरतीस निघाला की त्याचे वडील आमच्याकडे येतात आणि हटकून विचारतात, "मुलगा थोडा चळवळ्या आहे. खात्यात त्याचे कसे व्हायचे?" मंडळाने आज बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा याच प्रश्नाविषयी बोलावे असे ठरविले.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने संसदेस दिला आहे, व पोलिसांपुरता तसा कायदा १९६६ साली झाला. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे शासकीय सेवकास राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही. निवडणुकीचे चिन्ह अंगावर, वाहनावर वा घरावर लावणेही नियमबाह्य ठरते. मतदान करता येते, पण ते कोणास करणार हे कळू द्यावयाचे नाही. वाचावयास हे सर्व सोपे आहे.

आमचे घर कांदा पिकविणारे. १९८० साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली नाशिक जिल्ह्यात कांदा व ऊस यांच्या भावासाठी शेतकरी रस्त्यांवर आणि रेल्वेच्या रुळांवर बसले, तेव्हा आम्ही नवे फौजदार होतो. मागणी न्याय्य आहे असे आम्हांस तेव्हाही वाटत होते, आजही वाटते. आडत्याची पट्टी हाती घेऊन वडील कोणत्या चेहऱ्याने घरी परतत, ते लहानपणापासून पाहिले होते. बंदोबस्तात अटक झालेल्यांची नावे लिहून घेण्याचे काम आमच्याकडे आले. रांगेत आमचे धाकटे काका उभे! आमच्या शाळेची फी त्यांनीच भरलेली. आम्ही मान खाली घातली. ते म्हणाले, "लिहा साहेब. बापाचं नाव तुम्हाला ठाऊकच आहे." जन्मात प्रथमच त्यांनी आम्हांस अहोजाहो केले.

आम्ही नाव लिहिले. त्यांस सोडले नाही. मात्र रांगेतील कोणासही तहानलेले ठेवले नाही व शिपायांस हात उगारू दिला नाही. आमच्या मतास त्या दिवशी एवढीच जागा होती. काका पुढे दोन वर्षे आमच्याशी बोलले नाहीत. दिवाळीस पाया पडावयास गेलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग नसावा. निवडणूक आली की आपल्यातीलच काही मंडळी "ठाण्यात आपला माणूस आहे" असे म्हणत येत. स्वतःचे राजकीय मत गिळण्यापेक्षा ज्ञातीचा हा आग्रह मोडणे आम्हांस अधिक जड गेले. त्या नकारामुळे दुरावलेली दोन घरे आज या सभेतही आहेत.

गोळीबाराचा हुकूम आमच्यावर कधी आला नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पोलीस दलातही मराठी शिपाई होतेच. त्यांच्या मनात काय चालले असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. त्यांच्या जागी आम्ही काय केले असते, हे आम्हांस खात्रीने सांगता येत नाही. म्हणून घरी आलेल्या वडिलांस आम्ही इतकेच म्हणतो, की मुलास एकदा आमच्याकडे पाठवा. काकांची हकीकत त्याला आम्ही स्वतः सांगू.