रस्त्याचें मोल कोणीं द्यावें?

मुंबईहून उपनगरांकडे जाणारे दोन हमरस्ते आपल्या परिचयाचे आहेत. पश्चिम द्रुतगती महामार्ग वांद्र्याहून दहिसरकडे जातो, पूर्व द्रुतगती महामार्ग शीवहून ठाण्याकडे. त्यांचीं तोंडें नेमकीं तेथेंच असण्याचें कारण जुनें आहे. मुंबई हें बेट होतें आणि साष्टीच्या मोठ्या बेटावर जाण्याच्या प्रमुख वाटा शीव आणि माहीम याच. शीव या शब्दाचा अर्थच सीमा.

शीवचा कॉजवे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकीर्दींत १८०५ सालीं पुरा झाला. त्यावर टोल बसला. साष्टींतून येणाऱ्या गाडीवानाची थैली शहरांत शिरण्याआधींच हलकी होऊं लागली.

माहीमची हकीकत निराळी. तेथें खाडी होडीनें ओलांडावी लागे आणि पावसाळ्यांत होड्या उलटून माणसें बुडत. तेथें रस्ता झाला तो एका पारशी स्त्रीमुळें. जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं त्याकरितां रु. १,५७,००० दिले आणि १८४५ सालीं तो लोकांस खुला झाला. देणगीस एक अट होती : या वाटेवर टोल घेतां कामा नये. मला ही अट रकमेहून मोठी वाटते. देणगी देऊन दगडावर नांव कोरविणारे पुष्कळ. आपल्या मागें त्या वाटेवर कोणी पेटी मांडून बसूं नये, एवढा विचार करणारे थोडे. (नांव तर त्यांचेंही राहिलें. लेडी जमशेटजी रस्त्यानें आपण आजही जातों.)

पुढें शहरांत पंचावन्न उड्डाणपूल बांधण्याचें ठरलें आणि त्यांच्या खर्चासाठीं २००२ सालापासून मुंबईच्या पांच प्रवेशनाक्यांवर टोल सुरू झाला. हिशेब करण्याची मास्तरकीची खोड मला आहे, म्हणून विचारतों : हा भार कोणावर पडला? ठाण्याचा नोकरदार मुलुंडच्या नाक्यावर पैसे मोजून मोटार हांकी. दादरचा गृहस्थ त्याच उड्डाणपुलांवरून दिवसभर फिरे आणि त्यास दमडीही पडत नसे. पूल सर्वांचे, पैसे मात्र शीव ओलांडणाराचे. यास न्याय कसें म्हणावें? रस्त्याची डागडुजी फुकट होत नाहीं, हें मलाही मान्य आहे. परंतु तो पैसा सर्वांच्या करांतून यावा. वेशीबाहेर घर मिळालें म्हणून कोणास दंड नको.

१५ ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या मोटारींचा हा टोल उठला. तोंवर मोटारीस ४५ रुपये पडत. मोटार बाळगणाऱ्या घरांत आनंद झाला, आणि तो रास्तच होता. मालमोटारींस मात्र सूट मिळाली नाहीं. आपल्या घरांतला कांदा-बटाटा बहुधा वाशीच्या बाजारांतून येतो, आणि तो आणणारी मालमोटार वाशीच्या नाक्यावर टोल भरूनच मुंबईंत शिरते. तो टोल शेवटीं भाजीवालीच्या तराजूंतून आपल्याच स्वयंपाकघरांत पोंचतो. फक्त त्याची पावती आपणांस मिळत नाहीं.