पाते, पाणी आणि धार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा इतिहास या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीला ‘हाताने सुऱ्या घडविण्याचा छंद’ हा विषय बसविताना संयोजकांना थोडे धाडसच करावे लागले असेल. परंतु ज्या घरात दिवसातून दोन वेळा भाजी चिरली जाते, त्या घराला हा विषय परका नाही, अशी आमची खात्री आहे.

आम्ही म्हणजे या मंडळातील पाच-सहा जण. कोणी कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणी अद्याप पाळीवर जाणारे, एक शाळामास्तर आणि एक बँकेतले. जमशेदपुरात राहून पोलादाचा नाद लागावा यात नवल नाही. 1912 साली येथल्या साकचीत पोलादाचा पहिला ठोकळा बाहेर पडला, तेव्हापासून हे गाव पोलादावरच जगत आले. मात्र कारखान्यात पोलाद टनांनी मोजतात. आमच्या सुरीच्या पात्याला काही ग्रॅमच पुरतात. तरीही त्या काही ग्रॅमसाठी आमचे चार-चार रविवार खर्ची पडतात, हे आमच्या घरची मंडळी आपणास अधिक तपशिलाने सांगू शकतील.

सुरी घडविण्याच्या दोन रीती आहेत. एक लोहाराची : भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून पात्याला आकार देण्याची. दुसरी पट्टी कापून, कानशीने वा शाणेवर नको तेवढा भाग घासून काढण्याची. अमेरिकेत रॉबर्ट लव्हलेस या कारागिराने दुसऱ्या रीतीला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. पहिलीचा कैवार बिल मोरान यांनी घेतला. 1973 साली त्यांनी थरांच्या पोलादाच्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या, आणि 1976 साली घडीव पात्यांच्या कारागिरांची संस्था स्थापन केली. त्या संस्थेची प्रात्यक्षिक परीक्षा ऐकण्याजोगी आहे. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या पात्याने मोकळा लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडावयाचा. नंतर त्याच पात्याने लाकडाची जाड पट्टी दोन वेळा आरपार तोडावयाची. तरीही धार एवढी शिल्लक हवी, की हातावरची लव सहज भादरली जावी. शेवटी तेच पाते शेगड्यात धरून काटकोनात वाकवावयाचे, आणि ते मोडता कामा नये.

ही परीक्षा ऐकून प्रश्न पडतो, की धार टिकण्याइतके कठीण आणि वाकूनही न मोडण्याइतके चिवट, असे एकच पाते कसे असू शकेल? साऱ्या छंदाचे मर्म या एका प्रश्नात आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या मराठी भाषेने पूर्वीच एका शब्दात साठवून ठेविले आहे. तो शब्द म्हणजे ‘पाणी’.

हत्याराला पाणी देणे, असे आपण म्हणतो. पोलाद म्हणजे लोखंड आणि अल्पसा कर्ब. बांधकामाच्या साध्या सळईत कर्ब इतका थोडा असतो, की तिला कितीही पाणी पाजले तरी तिची सुरी होत नाही. मालमोटारीच्या कमानीच्या पट्ट्यात तो अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो, बेअरिंगच्या पोलादात सुमारे एक टक्का, आणि जुन्या चांगल्या कानशीत त्याहूनही जास्त. म्हणूनच भंगारच्या दुकानात आमची मंडळी सराफकट्ट्यावर गेल्याप्रमाणे रमतात. मात्र जुन्या कमानीत डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते. म्हणून जाणकार मनुष्य पट्टा वाजवून, घासून, पारखून घेतो.

पोलाद लालभडक तापले, की कर्ब लोखंडात विरघळतो. सावकाश निवू दिले, तर तो पुन्हा वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहते. एकदम थंड केले, तर कर्बाला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि पोलाद काचेसारखे कठीण बनते. ताप पुरेसा झाला हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. सुमारे 770 अंश सेल्सियसला पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवावे आणि कोमट तेलात सरळ, न डगमगता बुडवावे. पाण्यात बुडविल्यास कित्येक जातींची पोलादे तडकतात. म्हणून आम्ही देतो ते ‘पाणी’ बहुधा तेलाचे असते!

परंतु येथे काम संपत नाही. असे पाते नुसते कठीण असते; फरशीवर पडले तर त्याचे दोन तुकडे होतील. म्हणून त्याला पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास, दोन-दोन तास, दोन वेळा मंद तापवितात. घासून उजळ केलेल्या पात्यावर तेव्हा वाळल्या पेंढ्यासारखा पिवळसर रंग चढतो. कठीणपणा थोडा उतरतो आणि त्याच्या बदल्यात चिवटपणा येतो. आपण माणसाला पाणीदार म्हणतो तेव्हाही केवळ त्याचा ताठा आपल्या मनात नसतो. ताठ असून प्रसंगी न मोडणारा, असाच अर्थ अभिप्रेत असतो.

या छंदाचे वेड असे, की पाते तयार झाले तरी हात थांबत नाहीत. मग शिसवीची मूठ, पितळी खिळे, आणि धारेच्या दगडावर दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस अंशांचा कोन सांभाळीत तासन्‌तास घासणे. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवरून पाते न घसरता आत उतरले, की जो आनंद होतो तो शब्दांनी सांगता येण्याजोगा नाही. पात्याच्या बुडाशी आपली खूण उमटविताना गर्वही होतो, आणि तो आम्ही लपवीत नाही. मात्र आम्ही तलवारी-जंबियांच्या वाटेस जात नाही. नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद अशी, घरकामासाठी वा शेतीसाठी नसलेली पाती 1959 च्या शस्त्रकायद्याच्या कक्षेत येतात. आणि कायदा बाजूला ठेविला तरी आमची खरी आवड स्वयंपाकघराचीच आहे.

त्या स्वयंपाकघराची राणी म्हणजे विळी. सुरीत पाते फिरते आणि भाजी स्थिर असते. विळीत पाते स्थिर असते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. बसल्या बैठकीत भाजी चिरावी, टोकाच्या दातेरी चकतीवर नारळ खवावा, आणि काम होताच पाते मिटवून ठेवावे. गोव्यात तिला आदोळी म्हणतात. येथे आल्यावर आमच्या माताभगिनींना शेजारच्या बंगाली घरात ‘बोटी’ दिसली, ओडिया घरात ‘पनिकी’ दिसली, आणि परक्या मुलखातील पहिले संभाषण अनेकींनी या पात्याच्या साक्षीने केले. भाषा निराळी, पण बैठक तीच. विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणून आपण विळ्याला वैराच्या म्हणीत बसविले आहे. विळीने मात्र परमुलखात सख्यच जुळविले.

बंधुभगिनींनो, या छंदामुळे आपल्याच देशाचा एक गौरव आम्हांला नव्याने उमगला. दक्षिण हिंदुस्थानात, विशेषतः तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी, मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकडाचे तुकडे वितळवून जे पोलाद होत असे, त्याला युरोपात ‘वूट्झ’ म्हणत. ते इराणकडे जाई, आणि त्याच्या तलवारींवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. लंडनचा सुऱ्या करणारा कारागीर जेम्स स्टोडार्ट त्यावर लुब्ध झाला. त्याच्यासह मायकेल फॅरडे यांनी पोलादावर प्रयोग केले आणि 1820 साली निबंध प्रसिद्ध केला. विजेच्या शास्त्राचा हा आचार्य एका लोहाराचा मुलगा होता, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. पुढे त्या लहरींची विद्या लोपली. तिचा उलगडा करण्याच्या कामी जॉन व्हरहोवन या धातुशास्त्रज्ञांना आल्फ्रेड पेंड्रे या नालबंदी आणि सुऱ्या करणाऱ्या कारागिराची साथ लाभली. त्यांच्या 1998 च्या निबंधाने दाखविले, की धातूत अगदी अल्पांशाने असलेल्या व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांमुळे ती नक्षी उमटते. विशिष्ट खाणीचे लोखंड संपले, की कारागीर तोच, भट्टी तीच, पण लहर नाहीशी! प्रयोगशाळेला ऐरणीची मदत घ्यावी लागली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्या झारखंडातच नेतरहाटच्या पठारावर असुर समाज पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळीत आला. मध्य प्रदेश-छत्तीसगडकडील अगरियांवर व्हेरियर एल्विन यांनी 1942 साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या महाराष्ट्रात घिसाडी गावोगाव पाल ठोकून कोयते, विळे, खुरपी घडवीत आले. त्यांच्यापैकी कोणी त्याला छंद म्हटले नाही. त्यावर चूल पेटत होती.

येथेच आमच्या भाषणाचा खरा मुद्दा येतो. आम्ही सुरी घडवितो, कारण आमचे वेतन अथवा निवृत्तिवेतन अन्यत्र ठरलेले आहे. पाते फसले तर आम्ही हसून दुसरे घेतो. आठवडी बाजारात झाडाखाली भाता लावून बसलेल्या लोहाराला तशी मुभा नाही. तो चुंबकाविना, नुसत्या रंगावरून, भर उन्हात पात्याचा ताप ओळखतो. आम्हांला ज्या सरळ पाठीसाठी सारी दुपार लागते, ती तो पाच-सात घावांत आणतो. तरीही आमच्या हातच्या सुरीची मंडळी तोंड भरून वाखाणणी करतात, आणि त्याच्या विळ्याच्या किमतीत मात्र दहा-वीस रुपयांची घासाघीस करतात. हौसेला मोल नाही, अशी आपली म्हण आहे. हौसेला नसेल, पण कष्टाला मोल आहे आणि ते चुकते झाले पाहिजे. हाताने काम करण्याचा अभिमान आपल्यापुरताच राहिला आणि हातावर पोट असलेल्या कारागिराविषयी आदर उत्पन्न झाला नाही, तर तो अभिमान पोकळ होय.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्ही मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. येथे 17 सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मा पूजा होते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी आपली खंडेनवमी येते. त्या दिवशी आपण विळी, सुरी, अडकित्ता यांना हळदकुंकू वाहतो आणि पुन्हा त्याच बोथट पात्याने वर्षभर कुढत भाजी चिरतो! यापुढे नवमीच्या आधीच्या रविवारी मंडळाच्या अंगणात बाजारातल्या लोहाराला सन्मानाने बोलवावे. माळ्यावर पडलेल्या विळ्या, आजीच्या पेटीतले अडकित्ते, गंजलेले विळे सर्वांनी आणावेत. त्याने मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. आमची मंडळी धारेचे दगड घेऊन बसतील आणि मोठ्या मुलामुलींना धार लावण्यास शिकवतील. बोथट पाते जोर मागते आणि जोर केला की घसरते. धारदार पात्याची सावधगिरी शिकविलेले मूल अधिक सुरक्षित असते, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या मुलांचे हात आज पुष्कळ गोष्टी शिकतात. त्यात एखादी वस्तू तापविणे, ठोकणे, घासणे, बिघडली तर पुन्हा आरंभ करणे, एवढे शिकण्यास जागा राहावी, अशी आमची इच्छा आहे. महाराष्ट्रापासून दूर आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी ट्रंकेत पातळांच्या घडीखाली विळी ठेवून आणली होती. तिचे पाणी अजून उतरलेले नाही. तिला धार लावण्याचे काम आपल्याकडे आहे.