ऑर्गंझा रिबीन: टोक जपा, मजुरी मोजा

संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. वाणाच्या पोटल्या, रुखवताची ताटं सजवायला आपण ऑर्गंझाची रिबीन वापरतो. ही पातळ, आरपार दिसणारी, तरी कडक. म्हणून हिचा बो फुललेला राहतो. मूळचा ऑर्गंझा रेशमाचा. आज बाजारात मिळतो तो बहुतेक नायलॉन किंवा पॉलिस्टरचा.

हिची खोड एकच, कापलेल्या टोकाचे धागे सुटतात. आम्ही गटात टोक तिरकं कापतो आणि मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरतो. ज्योतीत घालायचं नाही, काळं पडतं. धागे वितळून एकमेकांना चिकटतात. पदर खोचा, पोरं लांब ठेवा, गरम टोकाला बोट लावू नका. खरं रेशीम मात्र वितळत नाही, जळतं. त्याचं टोक दुमडून शिवायचं.

आता हिशेब. 20 मीटरच्या गुंडाळीतून 40 सेंटिमीटरचे 50 तुकडे निघतात. गुंडाळीच्या किमतीला 50 नं भागा, एका पोटलीच्या रिबिनीचा खर्च कळेल. त्यात कापड, दोरा आणि मजुरी मिळवा. तासाला किती पोटल्या होतात, ते घड्याळ लावून मोजा.

मजुरी आम्ही वहीत वेगळ्या रकान्यात लिहितो. भाव पाडला की रिबीनवाल्याचे पैसे कमी होत नाहीत, आपलीच मजुरी जाते. रकाना भरलेला असला की ‘ताई, एवढ्यात परवडत नाही’ म्हणताना जीभ अडखळत नाही.